जोडावर वजन नको

मागच्या हिवाळ्यात दर चार-आठ दिवसांनी अकोल्याहून अब्बांचा फोन यायचा आणि सलाम-दुआ झाली की पुढचं वाक्य ठरलेलं असायचं, "बेटा, वो फिर बंद पड़ गया."

‘वो’ म्हणजे त्यांचा ॲम्प्लिफायर. मी इकडे अमरावतीत, भाजी फोडणीला टाकलेली, फोन खांद्यावर. मी म्हणायची, "वायर दाबून पाहा अब्बा." ते म्हणायचे, "दबाया. हात रखा तो चलता है, छोड़ा के बंद." एकदा घाईत मी सांगून टाकलं, "पिनेजवळ काडेपेटीची काडी खोचून द्या, घट्ट बसेल." आपल्याकडे सगळे तेच करतात. आठवडाभर फोन आला नाही, म्हणून मला वाटलं इलाज लागू पडला.

जानेवारीतल्या एका रविवारी मी बडनेऱ्याहून गाडी धरली आणि अकोल्याला गेले. खोलीत शिरल्या शिरल्या जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. भिंतीतल्या जुन्या सॉकेटमध्ये एक मल्टिप्लग आणि त्यात तीन गोष्टी: टेपडेकची चपटी पिन, पाणी गरम करायच्या किटलीची पिन आणि ॲम्प्लिफायरची बोटाएवढी जाड वायर. त्या वायरच्या वजनानं मल्टिप्लग भिंतीपासून सुटून खाली झुकलेला. वरच्या फटीत एक काडी, तिच्या शेजारी दुसरी काडी, बाजूला कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची घडी. खाली वायरला टेकू म्हणून अब्बांची जुनी चप्पल उभी केलेली. आणि अब्बांची खुर्ची मुद्दाम अशा जागी, की बसल्या बसल्या डावा हात प्लगपर्यंत पोहोचावा.

ते सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत आणि दिवसातले दोन-तीन तास विजेच्या प्लगवर हात ठेवून बसत होते. काडीचा सल्ला माझा होता.

ते असं का करत होते, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. अब्बा १९८३ मध्ये जेद्द्याला गेले आणि १९८९ मध्ये परत आले. तिथे ते फिटर होते. त्या काळात फोन महाग होता, आणि आमच्या घरी तर नव्हताच. खत लिहिलं तर ते पोहोचेपर्यंत चार हातांतून जायचं. म्हणून ज्यांची माणसं आखातात होती त्या घरांनी एक सोय काढली होती, कॅसेटवर बोलायचं आणि ती कॅसेट पाठवायची. कुणी हाजी निघाला, कुणी सुट्टीवरून परत चालला, की त्याच्या सामानात एक साठ मिनिटांची कॅसेट जायची. अर्धा तास एका बाजूला, अर्धा तास दुसऱ्या. अम्मीनं सहा वर्षांत अशा किती पाठवल्या माहीत नाही, पण अब्बांनी चौदा सांभाळून परत आणल्या. अम्मी २०१९ मध्ये अल्लाहला प्यारी झाली. तिचे फोटो चारच आहेत, कारण तिला फोटो आवडत नसे. तिचा आवाज मात्र चौदा तास आहे.

त्या कॅसेटी वाजतात तो डेकही तिकडचाच. सौदीतल्या घरांत तेव्हा १२७ व्होल्टची वीज असायची, म्हणून तिथे विकल्या जाणाऱ्या डेकच्या पाठीमागे एक छोटी गोल खाच असे. नाण्यानं फिरवली की १२० वरून २४० वर. अब्बांनी इथे आल्यावर खाच फिरवली, पिन मात्र बदलली नाही. ती अमेरिकी पद्धतीची चपटी पिन तेव्हापासून कुठल्या ना कुठल्या मल्टिप्लगमध्ये अडकून उभी आहे.

ॲम्प्लिफायर नवा आहे. माझ्या भावाचा मुलगा पुण्यात नोकरीला लागला आणि पहिल्या पगारातून त्यानं दादांसाठी तो पाठवला. सोबत एक वेगळी विकत घेतलेली ‘ऑडिओची’ वायर. तिच्यानं आवाज सुधारतो, असं त्यानं कुठे तरी वाचलं होतं. वायर दिसायला खरोखर राजेशाही: वरून काळी जाळी, दोन्ही टोकांना धातूची टोपणं. मी नंतर किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून पाहिली, पाऊण किलो भरली. पाऊण किलो वजन सॉकेटमधल्या पितळी पत्त्यांना लोंबत होतं.

त्या रविवारी दुपारी अब्बांनी कॅसेट लावली. अम्मी बोलत होती, माझ्या मोठ्या मावशीच्या घरचं काही तरी. वाक्याच्या मध्येच आवाज गेला. अब्बांनी सवयीनं प्लग दाबला, आवाज आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. चपटी पिन त्याच मल्टिप्लगमध्ये असल्यानं ॲम्प्लिफायरबरोबर डेकही थांबत आणि झटका खाऊन सुरू होत होता. तिसऱ्या झटक्याला आतून कुरकुर ऐकू आली. झाकण उघडलं तर टेप रोलरला गुंडाळली होती. पेन्सिलनं, चिमट्यानं, श्वास रोखून मी ती सोडवली. साधारण वीतभर टेपवर सुरकुत्या पडल्या आहेत. कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते, म्हणजे अम्मीची चार-पाच सेकंदं. आता तिथे आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो.

मल्टिप्लग ओढून काढला तेव्हा वास आला. एक पिन काळी पडली होती, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं आणि काडीचं टोक जळालेलं होतं. वर खिडकीचा पडदा होता.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "बाजी, सगळं काढून टाक. कॅसेटी मोबाइलमध्ये भरून घे आणि एक छोटा स्पीकर दे त्यांना." सल्ला चुकीचा नव्हता. पण भरून घ्यायच्या म्हणजे चौदा कॅसेटी एकेक तास न थांबता वाजायला हव्यात. त्यासाठी तरी आधी ही वायर ठिकाणावर यायला हवी होती.

गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, अब्बांना चाचा म्हणणारा. त्यानं आधी मेन स्विच बंद केला, मग मल्टिप्लग हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"चाचा, काडी काहून खुपसली?"

अब्बा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ऐसेच."

"अजून आठ दिवस चाललं असतं नं, तं पडदा धरला असता यानं," तो मला म्हणाला. "मॅडम, ह्या वायरीत काही खराबी नाही. ते लटकून राह्यली, हेच तिचं दुखणं."

मी विज्ञानाची शिक्षिका नाही, भाषा शिकवते. पण त्यानं जे समजावलं आणि घरी येऊन मी जे हिशेब मांडून पाहिले, ते इथे लिहिते, कारण ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे.

वीज वायरमधून सहज जाते. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या एक मीटर तारेचा रोध ०.०१७ ओहमच्या आसपास असतो, म्हणजे जवळजवळ नाहीच. अडचण असते ती जोडाच्या जागी. पिन आणि सॉकेटमधली पत्ती एकमेकींना घट्ट दाबून असतील तर वीज पूर्ण रुंदीनं जाते. पिन वाकडी झाली, पत्ती सैल झाली की स्पर्श एका टिंबापुरता उरतो. तिथला रोध एक ओहम झाला असं धरा. अब्बांचा ॲम्प्लिफायर त्यांच्या आवाजाला पन्नास-साठ वॅट घेतो, म्हणजे पाव अँपिअर, त्यानं विशेष काही तापत नाही. पण वुजूच्या पाण्याची किटली हजार वॅटची. तिचा प्रवाह सव्वाचार अँपिअरहून थोडा जास्त, आणि तीही त्याच मल्टिप्लगवर. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, असा हिशेब केला तर त्या एका टिंबावर एकोणीस वॅट उष्णता होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचं डाग देण्याचं लहान यंत्र पंचवीस वॅटचं असतं. म्हणजे रोज फजरच्या आधी, पाणी गरम होईपर्यंत, आमच्या भिंतीत जवळपास तसलं एक यंत्र चालू होत होतं.

पुढे हे चक्र आपणच वाढतं. उष्णतेनं पत्तीची स्प्रिंग मऊ पडते, पकड आणखी सुटते, ठिणग्या उडतात, पितळेवर काळा थर चढतो, रोध वाढतो, उष्णता वाढते. लाइट जाऊन परत आली की आणखी एक झटका. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला जातो, तेव्हा तर प्लास्टिक आधीच तापलेलं असतं. काडी, पुठ्ठा, चिकटपट्टी हे उपाय पिनेला एका बाजूला ढकलतात. एका बाजूचा स्पर्श वाढतो आणि दुसरी पत्ती कायमची वाकते. वर ते सगळं जळणारं सामान. जुन्या पितळी टॉपच्या चिरलेल्या पिनांमध्ये चाकू घालून त्या फाकवायची युक्तीही तशीच. दोन दिवस घट्ट, नंतर सॉकेट कायमचं सैल.

पाऊण किलोच्या वायरची दुसरी गंमत पिनेत होती. तिला युरोपातल्या पद्धतीचा गोल जाड प्लग होता. आपला तीन गोल पिनांचा प्लग इंग्रजांच्या १९३४ च्या मानकातून आलेला. इंग्लंडनं १९४७ मध्ये चौकोनी पिनांचं नवं मानक आणलं, आपण जुनंच पुढे चालवलं, आज ते आपल्या आयएस १२९३ मध्ये आहे. आपल्या सहा अँपिअरच्या प्लगच्या दोन पिना पाच मिलिमीटरच्या थोड्या वर, युरोपातल्या या प्लगच्या ४.८ मिलिमीटर. फरक केसाएवढा, पण वजन लोंबत असलं की तेवढा पुरतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या प्लगचं अर्थिंग कडेच्या पट्ट्यांमधून होतं, आणि आपल्या सॉकेटमध्ये त्या पट्ट्यांना भेटायला कुणी नसतं. म्हणजे ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीला अर्थिंगच नव्हतं. आपल्या प्लगची वरची पिन जाड आणि लांब असते ती उगाच नाही, ती सगळ्यांच्या आधी लागते आणि सगळ्यांच्या नंतर सुटते.

इलेक्ट्रिशियननं सहज विचारलं, "चाचा, पेटीले हात लावला का मुंग्या येत होत्या का?"

"आते थे," अब्बा म्हणाले.

"कब से?" मी विचारलं.

"जब से आया तब से."

चार महिने. मी चिडले. म्हणाले, ही वायर आत्ताच्या आत्ता काढा आणि ॲम्प्लिफायरची साधी पातळ वायर लावा. भिंतीच्या आत दीड चौरस मिलिमीटरची तार आहे, खांबापासून घरापर्यंतही काही सोन्याची तार नाही, मग शेवटच्या दोन मीटरला जाड वायर लावून पाव अँपिअरचं काय भलं होणार?

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बच्चे ने पहली तनख़्वाह से भेजी है. हर फोन पे पूछता है, दादा, वायर लगाई ना?"

तेव्हा मला कळलं की मुंग्यांबद्दल ते का बोलले नव्हते. नातवाच्या मनाला लागू नये म्हणून ते चार महिने हात लावताना आधी चप्पल घालायचे.

मी काही बोलणार तेवढ्यात ते खुर्चीतून उठले. जेद्द्याच्या आधी आणि नंतरही त्यांनी इथल्या जिनिंग फॅक्टरीत फिटरचं काम केलं आहे. गुडघा धरत ॲम्प्लिफायरच्या मागे वाकले आणि वायर तळहातावर तोलून धरली. तळहातावर घेतल्याबरोबर प्लग आपोआप सरळ झाला.

"देख," ते म्हणाले. "पाइप का वज़न जोड नहीं उठाता, क्लैम्प उठाता है. जोड सिर्फ़ जोड़ता है. इसको बांधो मत, सहारा दो."

इलेक्ट्रिशियन हसला. "चाचानं पुरं कामच सांगून टाकलं."

मग आम्ही तिघांनी मिळून काम केलं. भिंतीतलं जुनं सॉकेट आणि जळका मल्टिप्लग फेकला. त्या जागी आयएसआय मार्कचं, सहा आणि सोळा अँपिअर दोन्ही पिना घेणारं सॉकेट बसवलं आणि अर्थिंगची तार खरोखर जोडलेली आहे का ते तपासलं. किटलीला स्वयंपाकघराच्या ओट्यावरचं वेगळं सॉकेट दिलं. डेकची चपटी पिन चाळीसेक वर्षांनी कापली आणि आपल्या पद्धतीचा टॉप लावला. त्याच्यासाठी शेजारी दुसरं सॉकेट बसवलं.

जाड वायरचा युरोपी प्लग पेचांचा होता, तो उघडून काढता आला. सहा अँपिअरच्या टॉपच्या तोंडात एवढी वायर जात नाही, आणि जबरदस्तीनं घातली तर आतली पकड तिला धरत नाही. म्हणून सोळा अँपिअरचा मोठा थ्री-पिन टॉप घेतला. त्याच्या आत एक आडवी पट्टी असते, ती वायरच्या बाहेरच्या सालीला धरते. वायर ओढली गेली तर ताण त्या पट्टीवर यावा, आतल्या तांब्यावर येऊ नये यासाठी ती असते. घाईत पुष्कळ जण ती लावतच नाहीत.

मग वजनाचा बंदोबस्त. सॉकेटपासून वीतभर अंतरावर भिंतीत गिट्टी ठोकून एक रुंद सॅडल बसवला आणि वायर त्यातून नेली. सॅडल आणि टॉप यांच्यामध्ये वायर थोडी सैल ठेवली, हलकी कमान दिसेल इतकी. घट्ट ताणून बांधली असती तर तिनं प्लगला बाजूला ओढलं असतं, म्हणजे पुन्हा तेच. दुसरं टोक ॲम्प्लिफायरच्या पाठीत जातं, कॉम्प्युटरच्या मागे असतो तसल्या खोबणीत. त्या जोडाला कुलूप नसतं, निव्वळ पकडीवर तो उभा असतो, आणि वजन लोंबलं की मशीनच्या आतल्या डागांनाही हिसके बसतात. अब्बांनी सागाचा एक तुकडा शोधून काढला, खोबणीच्या उंचीचा घासला आणि वायरखाली ठेवला. वायर मशीनमध्ये आडवी, सरळ शिरते. पुढे ती स्टँडच्या मागच्या पायाला चिकटपट्टीच्या पट्ट्यानं, शाळेच्या बुटांना असतो तसल्या, धरून ठेवली. प्लास्टिकचा टाय आवळला नाही, कारण जाड वायर करकचून आवळली किंवा कोपऱ्यात मोडून बसवली की तिची साल खराब होते. ॲम्प्लिफायर भिंतीपासून चार बोटं पुढे ओढला, म्हणजे वायरला वळायला जागा आणि मशीनला हवा.

मेन स्विच चालू केला. इलेक्ट्रिशियननं टेस्टर पेटीला लावला, दिवा लागला नाही. अब्बांनी पेटीवर अनवाणी उभं राहून हात ठेवला आणि मान हलवली. संध्याकाळी तासभर वाजल्यावर मी टॉपला हात लावून पाहिला, तो भिंतीइतकाच थंड होता. ही तपासणी कुणालाही करता येते. चालू असताना प्लग कोमट लागला, त्यातून चरचर आवाज आला किंवा मासळीसारखा वास आला, तर काडी शोधू नये. मेन स्विच बंद करावा आणि माणूस बोलवावा. शक्यतो असा, जो अर्थिंगचं विचारतो.

रात्री नातवाचा फोन आला. अब्बा म्हणाले, "तेरी वायर को इधर का पिन लगाया. अब बराबर बजता है." मुंग्यांचं सांगितलं नाही. मी सांगितलं, दुसऱ्या दिवशी, वेगळा फोन करून. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा इतने दिन बोले क्यूँ नहीं?" याचं उत्तर मी त्याच्यावरच सोडलं.

पुढच्या चार रविवारी मी अकोल्याला गेले. डेक मोबाइलला जोडून चौदाही कॅसेटी भरून घेतल्या. एकदाही वीज तुटली नाही. तेलाचे भाव, पावसानं गळणारं छप्पर, माझा पडलेला दात, कुणाच्या निकाहात कुणाला जेवण पुरलं नाही, सगळं त्यात आहे. अब्बा खुर्ची भिंतीपासून दूर घेऊन बसायला लागले आहेत.

शेवटच्या रविवारी १९८६ ची एक कॅसेट लागली. तेव्हा आमच्याकडे सेलवर चालणारा रेकॉर्डर होता. अम्मी बोलता बोलता थांबते आणि म्हणते, "लो, लाइट गई."

अब्बा दचकले. डावा हात भिंतीकडे गेला. खुर्ची दूर असल्यानं तो प्लगपर्यंत पोहोचला नाही. टेप चालूच होती. अंधारात काडी ओढल्याचा आवाज आला, अम्मीनं कंदील लावला आणि पुढे बोलायला लागली.